वारसा कोणी चालवावा?

मूळ लेखकाच्या निधनानंतर त्याच्या गुप्तहेरानेही रजा घ्यावी, म्हणजे दुसऱ्या लेखकाने त्याच्यावर नव्या कथा लिहू नयेत, हे मत मला सरसकट मान्य करता येत नाही, कारण अशा प्रत्येक पुनरागमनाची जात वेगळी असते.

इंग्रजी रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स १९५७ साली गेल्या, तेव्हा त्यांचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी याची एक कादंबरी अपुरी राहिली होती. उपलब्ध प्रकरणे आणि टिपणे यांच्या आधारे जिल पॅटन वॉल्श यांनी ती पूर्ण केली व १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. येथे नव्या लेखिकेच्या हाती निदान मूळ धागा तरी होता.

अगाथा ख्रिस्ती यांचा गुप्तहेर पॉयरो याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ख्रिस्ती यांनी १९७५ च्या ‘कर्टन’ या कादंबरीमध्ये त्याचा मृत्यूच दाखवला होता, तरीही वारसदारांच्या संमतीने सोफी हॅना यांनी २०१४ साली त्याला परत आणले. मात्र कथानक १९२९ मध्ये ठेवून आणि पॉयरोचा जुना मित्र व निवेदक हेस्टिंग्ज याच्याऐवजी कॅचपूल हा नवा निवेदक योजून त्यांनी ख्रिस्तींच्या आवाजाची नक्कल टाळली, आणि हा निर्णय मला अत्यंत प्रामाणिक वाटतो. (कोड्याची गुंतागुंत मात्र गरजेपेक्षा जास्त आहे.)

आपल्याकडे रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांना असा जाणता वारस लाभावा, असे मला मनापासून वाटते. नागपुरात सीताबर्डीवर जुनी पुस्तके चाळताना त्यांची कादंबरी हाती लागली की आजही आनंद होतो. पण त्या वेगवान, छोट्या वाक्यांच्या शैलीत नवी कथा रचणारा लेखक आधी त्यांचा निष्ठावंत वाचक असला पाहिजे.