आयजीसीएसई स्पॅनिशनंतर आयबी स्पॅनिश बी, हायर लेव्हल: सुट्टीत नेमकी तयारी काय करावी?

इंदिरानगर_नाशिक

मुलीची आयजीसीएसईची (दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय) परीक्षा नुकतीच संपली. स्पॅनिश फॉरेन लँग्वेज म्हणून होतं आणि पेपर बरे गेलेत. अकरावीला तिने आयबी डिप्लोमात (अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) स्पॅनिश बी, म्हणजे परकी भाषा म्हणून स्पॅनिश, हायर लेव्हलला (वरच्या पातळीला) घेतलंय. वर्ग ऑगस्टच्या सुरुवातीला भरतील, म्हणजे हातात दहाएक आठवडे आहेत. घरात कोणालाच स्पॅनिश येत नाही. ती मोबाइलवरच्या ॲपवर रोज शब्द पाठ करते, पण सलग चार वाक्यं लिहायला सांगितली की अडते. ऐकतानाही सुरुवातीचं कळतं आणि मग धागा सुटतो.

प्रश्न असे:
१. पुढच्या वर्षीचं पाठ्यपुस्तक आधीच सुरू करावं, की जुनंच पक्कं करावं?
२. रोज किती वेळ द्यावा आणि तो कशावर?
३. क्रियापदांचे तक्ते पाठ करून उपयोग होतो का?

शिकवणी लावायची तर आठवड्यातून एक-दोन ऑनलाइन तासच जमतील. बाकी तिचं तिलाच करायचं आहे.

वही_आणि_व्याकरण

ताई, नवं पाठ्यपुस्तक कपाटातच राहू द्या. ते शाळेत होणारच आहे. हायर लेव्हलला मुलं अडतात ती लेखनाच्या लांबीवर. आयजीसीएसईच्या लेखनात सर्वात मोठं उत्तर १३०-१४० शब्दांचं असतं. आयबीच्या पेपर १ मध्ये दीड तासात ४५० ते ६०० शब्द लिहायचे असतात आणि शब्दकोश चालत नाही. १४० शब्द सुट्या वाक्यांवर निभावतात. ४५० शब्दांत मात्र काळ सांभाळावा लागतो, परिच्छेद जोडावे लागतात आणि शेवटपर्यंत एकाच माणसाशी एकाच सुरात बोलावं लागतं. सुट्टी या कामासाठी ठेवा.

रोज सव्वा तास, आठवड्याचे सहा दिवस पुरे. २० मिनिटं क्रियापदं, २५ मिनिटं ऐकणं आणि अर्धा तास लेखन किंवा वाचन, एक दिवस हे तर एक दिवस ते. लेखन पहिल्या दोन आठवड्यांत १५० शब्दांचं, मग दर दोन आठवड्यांनी साठ-सत्तर शब्द वाढवत न्या. जुलैअखेर ती ४००च्या घरात पोचली पाहिजे. एकदम ४५०वर उडी मारली की मुलं इंग्रजीत निबंध लिहून त्याचं भाषांतर करत बसतात, आणि ती सवय नंतर मोडत नाही.

तक्ते पाठ करून उपयोग होतो, पण आडवे पाठ केले तर. एकच क्रियापद घ्यायचं आणि 'मी' व 'ते' ही दोनच रूपं सगळ्या काळांत म्हणायची. कारण पुढची रूपं यांच्यातूनच निघतात. वर्तमानातलं 'मी'चं रूप 'तेंगो' पक्कं असेल तर शेवटचा 'ओ' काढून 'तेंगा' हे सब्जंक्टिव्ह (इच्छा, शंका, 'असावं-व्हावं' सांगणारं रूप) मिळतं. 'दिगो'वरून 'दिगा', 'आगो'वरून 'आगा' तसंच. या नियमात न बसणारी सहाच आहेत: सेआ, एस्ते, बाया, सेपा, आया, दे. भूतकाळातलं 'ते'चं रूप 'तुबिएरोन' येत असेल तर 'रोन' काढून 'रा' लावलं की 'तुबिएरा' तयार. म्हणून अनियमित भूतकाळ (तुबे, एस्तुबे, पुदे, पुसे, सुपे, बिने, किसे, इसे, दिखे, त्राखे) जूनच्या पहिल्या आठवड्यातच घट्ट करा. तो कच्चा राहिला की वरचा मजला चढत नाही.

दोन भूतकाळांचा घोळ इंग्रजीतून विचार केल्यामुळे होतो. तिला मराठीतून विचार करायला सांगा. 'गेलो, केलं, पोचलो' असेल तिथे प्रेतेरितो. 'जायचो, करत होतो, असायचं' असेल तिथे इंपेर्फेक्तो. दर वेळी तंतोतंत बसत नाही, पण बऱ्याच वाक्यांत बसतं. 'मे गुस्ता'चंही तेच. 'मला आंबे आवडतात' या वाक्यात क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं, 'मे गुस्तान लोस मांगोस'मध्येही तसंच चालतं. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे 'यो गुस्तो' करतात. माणूस कर्म असेल तेव्हा लागणारा 'आ' म्हणजे आपला 'ला': 'घर पाहिलं', पण 'मावशीला पाहिलं'. मराठी घरातल्या मुलीकडे हे आयतं आहे, ते वापरायला हवं.

कान_आधी

वरच्याशी सहमत, फक्त ऐकण्याचं आणखी नेमकं सांगतो. पेपर २ला निम्मे गुण आहेत. त्यात ऐकण्याचा भाग २५ गुणांचा आणि वाचनाचा ४० गुणांचा. हायर लेव्हलला ऐकणं पूर्ण एक तास चालतं.

'सुरुवातीचं कळतं, मग धागा सुटतो' हे शब्द कमी असल्याने होत नाही. स्पॅनिश बोलताना एका शब्दाचा शेवट पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला चिकटतो. 'लोस ओत्रोस आमीगोस' कानाला 'लोसोत्रोसामीगोस' असं लागतं. मुलगी पहिला न कळलेला तुकडा सोडवत बसते आणि तोवर तीन वाक्यं निघून जातात. यावर उपाय श्रुतलेखनाचा. ज्याचा लिखित मजकूर सोबत मिळतो असाच ऑडिओ निवडा आणि त्यातला फक्त दीड मिनिटाचा तुकडा घ्या. आधी न थांबवता एकदा ऐकायचं आणि कोण, कुठे, कशाबद्दल एवढंच लिहायचं. मग वाक्यावाक्याला थांबवत जे कानावर पडलं ते उतरवायचं. त्यानंतर मजकुराशी ताडून चुकलेल्या जागा लाल पेनाने भरायच्या, आणि शेवटी मजकूर बघत त्याच्याबरोबर मोठ्याने वाचायचं. २५ मिनिटांत एवढंच होतं आणि तेवढं बास आहे. सबटायटल लावून तासभर मालिका बघणं म्हणजे ऐकणं नव्हे, तिथे डोळेच काम करतात.

रादिओ आंबुलांते या पॉडकास्टचा मजकूर मिळतो, पण तो जूनमध्ये जड जाईल, जुलैच्या उत्तरार्धात घ्या. तोवर शिकणाऱ्यांसाठीचे हळू बोललेले ऑडिओ वापरा. स्पेनचा एक आणि मेक्सिको किंवा कोलंबियाचा एक असे उच्चार आलटून पालटून ठेवा, कारण परीक्षेत एकाच देशाचा आवाज नसतो.

उच्चारांत आपल्याला त, द, प, क आयते येतात. स्पॅनिश 'त' आपल्या त सारखाच दाताला लागतो, पण शाळेत इंग्रजी वळणाने 'ट' शिरतो. तो काढा. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि र घोळवून 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा', हा फरक स्पष्ट करून घ्या. ब आणि व वेगळे काढू नयेत, दोन्हींचा उच्चार एकच.

सातपूर_ते_सेव्हिया

ॲप बंद करायला लावू नका, मात्र सुटा शब्द पाठ करणं थांबवा. कार्डावर पूर्ण वाक्य हवं आणि नाम त्याच्या 'एल' किंवा 'ला'सकट हवं. आपल्याला तीन लिंगांची सवय असल्याने लिंग ही कल्पना जड जात नाही, पण 'आ'ने संपणारं दिसलं की स्त्रीलिंग धरलं जातं आणि एल प्रोब्लेमा, एल तेमा, एल मापा, एल दीआ यांवर गुण जातात. उलट बाजूला ला मानो, ला फोतो. रोज दहा नवी कार्डं, जास्त नकोत. वीस केली की तिसऱ्या आठवड्यात उजळणीच तासभर खाते आणि मुलं सगळंच सोडून देतात.

इंदिरानगर_नाशिक

फार उपयोग झाला. तिने आज सहलीवर परिच्छेद लिहिला, त्यातली काही वाक्यं तिच्याकडून वाचून घेऊन देवनागरीत टाकते आहे. जशीच्या तशी आहेत:

'एल आन्यो पासादो फुइमोस आ त्र्यंबकेश्वर. येगाबामोस आ लास सेइस. एस्ताबा मुचा खेंते. मी आबुएला केरीआ के नोसोत्रोस इर तेंप्रानो. बी मी तीआ इ ले लो दी एल प्रासाद. सी तेंद्रीआ तिएंपो, इरीआ ओत्रा बेस.'

वही_आणि_व्याकरण

छान, यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ओळीने घेऊ.

'येगाबामोस' म्हणजे 'पोचायचो'. सहाला एकदाच पोचलात, म्हणून 'येगामोस'.

'एस्ताबा मुचा खेंते' चूक. नुसतं 'होतं, होती' सांगायचं असेल तर 'आबीआ मुचा खेंते'. 'एस्तार' तेव्हा, जेव्हा ठरावीक माणूस कुठे आहे हे सांगायचं असतं: 'मी तीआ एस्ताबा आयी'. कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना मात्र 'सेर' लागतं, ते आत्ताच डोक्यात ठेवा.

'केरीआ के नोसोत्रोस इर': इच्छा एकाची आणि करणारा दुसरा असला की मध्ये 'के' येतो आणि त्यापुढे सब्जंक्टिव्ह. मुख्य क्रियापद भूतकाळात आहे म्हणून 'केरीआ के फुएरामोस तेंप्रानो'. 'फुएरोन'मधून 'रोन' काढून 'रा' लावा, रूप समोर येतं. आजीलाच लवकर जायचं असतं तर नुसतं 'केरीआ इर' बरोबर होतं.

'बी मी तीआ' यात 'ला'साठीचा 'आ' राहिला: 'बी आ मी तीआ'. 'ले लो' कधीच एकत्र येत नाहीत, 'से लो' होतं. इथे तर प्रसाद नावाने सांगितला आहेच, म्हणून 'ले दी एल प्रासाद' एवढंच.

'सी तेंद्रीआ' ही चूक सगळीकडे सापडते. 'सी'च्या ('जर'च्या) लगेच पुढे 'रीआ'चं रूप नको. 'सी तुबिएरा तिएंपो, इरीआ ओत्रा बेस.' उरलेल्या अर्ध्या वाक्यात तिने 'इरीआ' अचूक घातलंय.

आता हाच परिच्छेद उद्या वही न बघता पुन्हा लिहायला सांगा. दुरुस्ती वाचून 'कळलं' म्हणणारी मुलं तीच चूक आठवड्याने करतात, पुन्हा लिहिणाऱ्यांची ती सुटते. वहीच्या शेवटच्या पानावर चुकांची यादी ठेवा आणि प्रत्येक लेखन झाल्यावर फक्त त्या यादीप्रमाणे एकदा तपासणी करा. ऑनलाइन शिकवणीचा तास यासाठीच वापरा: लेखन आधी पाठवायचं, तासात नुसत्या चुकांवर बोलायचं.

एक राहिलं, लेखनाचा प्रकार. पेपर १ तीस गुणांचा: भाषेला १२, आशयाला १२, आणि वाचक, प्रसंग व हेतू ओळखून योग्य प्रकार निवडला का याला ६. हे सहा गुण निव्वळ निष्काळजीपणाने जातात. समजा गोदावरीच्या स्वच्छतेबद्दल महापालिका आयुक्तांना पत्र आहे. सुरुवात 'एस्तिमादो सेन्योर' करून पुढे स्वल्पविराम नव्हे, अपूर्णविराम (:) द्यायचा. मग 'ले एस्क्रीबो' म्हणून सुरू केलं की शेवटपर्यंत 'उस्तेद'. मध्येच 'ते पीदो' आलं तर आयुक्तांना एका ओळीत 'आपण' आणि दुसऱ्या ओळीत 'तू' म्हटल्यासारखं होतं. सुट्टीत चारच प्रकार घ्या: औपचारिक पत्र, ब्लॉग, भाषण, वर्तमानपत्रातला लेख. विषय एकच ठेवून चारही प्रकारांत लिहिला तर सुराचा फरक लवकर हाताला लागतो.

जोडशब्द सहाच, पण वेगवेगळे: सिन एंबार्गो, पोर लो तांतो, आऊंके, आ पेसार दे के, पोर उन लादो, पोर ओत्रो लादो. मुलं प्रत्येक परिच्छेद 'आदेमास'ने ('शिवाय'ने) सुरू करतात, ते टाळा.

रामकुंड_पलीकडे

तोंडी परीक्षेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. स्टँडर्ड लेव्हलला चित्रावर बोलायचं असतं. हायरला मात्र वर्गात वाचलेल्या दोन साहित्यकृतींपैकी एकीतला ३०० शब्दांपर्यंतचा उतारा येतो, तयारीला २० मिनिटं आणि सादरीकरण ३-४ मिनिटांचं. त्यानंतर उताऱ्यावर प्रश्न आणि मग इतर विषयांवर गप्पा. म्हणून शाळेला आत्ताच मेल करून त्या दोन कृती कोणत्या ते विचारा. कळल्या तर जुलैमध्ये एकीची पहिली दहा-पंधरा पानं वाचायची: पहिल्या वाचनात शब्दकोश नाही, दुसऱ्या वाचनात पानाला पाचच शब्द, आणि शेवटी पाच ओळींचा सारांश स्पॅनिशमध्ये. आधी इंग्रजी भाषांतर वाचू देऊ नका, नाहीतर मूळ वाचलंच जात नाही. नावं कळली नाहीत तर सेंत्रो बिर्तुआल सेर्वांतेसच्या संकेतस्थळावर पातळीनुसार वाचन मोफत आहे.

गप्पांसाठी पाच विषय ठरलेले आहेत: ओळख, अनुभव, मानवी कल्पकता, समाजरचना आणि पृथ्वीची वाटणी. बोलताना स्पॅनिश भाषक देशांचा संदर्भ हवा. आपल्याकडच्या गोष्टीशी जोड घातली तर मुलीला सांगायला खरं काहीतरी मिळतं. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणारी संत निवृत्तिनाथांची पालखी आणि स्पेनमधली सांतिआगोची पदयात्रा ही जोडी अप्रतिम आहे. तिकडे शेवटचे किमान १०० किलोमीटर चालल्याचे शिक्के दाखवले की प्रमाणपत्र मिळतं, कित्येक जण एकटे चालतात आणि वाटेतल्या आल्बेर्गेमध्ये (यात्रेकरूंच्या धर्मशाळेत) उतरतात. आपल्याकडे दिंडी असते, एकत्र स्वयंपाक, एकत्र मुक्काम. २५ जुलै रविवारी येतो ते सांतिआगोचं पवित्र वर्ष, पुढचं २०२७, आणि त्याच वर्षी नाशिकला सिंहस्थाची स्नानं आहेत. दुसरी जोडी द्राक्षांची: स्पेनमधल्या ला रिओखात तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आपल्याकडे जानेवारी ते मार्च.

अशा प्रत्येक जोडीवर दीड मिनिट बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. कागदावर दहा मुद्दे चालतील, वाक्यं नकोत. वाक्यं लिहिली की ती वाचून दाखवते आणि परीक्षकाचा पहिलाच प्रश्न आला की गडबडते. रेकॉर्डिंग ऐकताना एकच गोष्ट तपासा: अडल्यावर ती इंग्रजीत शिरते का. शिरत असेल तर 'एस देसीर' (म्हणजे), 'किएरो देसीर के' (मला म्हणायचंय की), 'कोमो से दीसे' (कसं म्हणतात) हे तीन टेकू आधी तोंडात बसवा, मग पुढची जोडी घ्या.