चांदीच्या किटलीवरील ठशांबाबत मदत हवी आहे

येत्या आठवड्यातील एका ऑनलाइन लिलावात चांदीची चहाची जुनी किटली विक्रीस असून, ती सुमारे १८३० साली लंडनमध्ये घडवली गेल्याचे वर्णनात म्हटले आहे. तळावर चालता सिंह (चांदीच्या शुद्धतेची खूण), बिबट्याचे मुख (लंडनची खूण), राजाचे मस्तक, वर्षाक्षर (वर्ष दर्शवणारे अक्षर) आणि कारागिराची आद्याक्षरे असे पाचही ठसे आहेत. लंडनच्या ठशातील बिबट्याच्या डोक्यावरचा मुकुट १८२१ नंतर दिसत नाही. या किटलीवर मात्र तो असल्यासारखा वाटतो, आणि झाकणावर, जिथे निदान एकदोन ठसे असणे अपेक्षित असते, तिथे एकही नाही. राजमस्तकाचा ठसा म्हणजे कर भरल्याची खूण. ती १७८४ ते १८९० या दीर्घ काळात वापरात असल्याने तिच्यावरून निर्णय होत नाही, आणि वर्षाक्षर तर वाचता न येण्याइतके झिजले आहे.

लिलावगृहाकडे विचारणा केल्यावर वजन आणि तळाचे एक जवळचे छायाचित्र मिळाले. विक्री 'आहे त्या स्थितीत' असून वस्तू परत घेतली जाणार नाही, असेही त्यांनी कळवले. मला प्रत्यक्ष पाहायला जाणे शक्य नाही, त्यामुळे चांदीवर तोंडाची वाफ सोडून, ठशांचा तुकडा वेगळा बसवला असल्यास त्याच्या जोडाची रेघ उमटते का, हे स्वतः तपासता येणार नाही. इतकी सुबक वस्तू निव्वळ संशयावरून सोडून द्यावी, असेही वाटत नाही.

दुसऱ्या जुन्या वस्तूवरील ठशांचा तुकडा कापून या तळात बसवलेला नाही, हे ओळखण्यासाठी नेमक्या कोणत्या भागांची छायाचित्रे मागवावीत, आणि झाकणावर ठसा नसणे एवढेच कारण बोली न लावण्यास पुरेसे आहे का?