डीबीत न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलं तर चालतं का?

कोरेगावकर
गावाकडं नवीन घर बांधलंय, सिंगल फेज मीटर. वायरमनने डीबीत (घरातल्या मेन वितरण बॉक्समध्ये) न्यूट्रल बार आणि अर्थ बार एका वायरच्या तुकड्याने जोडून टाकलेत, म्हणतो मुरमाड जमीन आहे, उन्हाळ्यात अर्थिंग धरत नाही, न्यूट्रलचा आधार दिला की भक्कम. तेव्हापासून गीझर लावला की आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पडतो. आता म्हणतो आरसीसीबीच काढू, गावाला कशाला लागतो. यूट्यूबवर अमेरिकेतले इलेक्ट्रिशियन पण असंच जोडताना दिसतात म्हणून विचारतोय.

टेस्टलॅम्प
आधी मेन बंद करून तो तुकडा काढायला लावा, बाकीचं नंतर वाचा.

फेजमधून गेला तेवढाच करंट न्यूट्रलने परत येतोय का एवढंच आरसीसीबी बघतो, ३० मिलिअँपचा फरक पडला की पाडतो. तुमचा थोडा करंट त्या तुकड्यातून अर्थिंगच्या खड्ड्यात चाललाय, मग पडणारच. तुमच्या डीबीत सध्या तोच एकटा शहाणा आहे.

आरसीसीबी काढला, तुकडा तसाच राहिला आणि उद्या पोलावरचं न्यूट्रल सुटलं, पावसाळ्यात वाऱ्याने सुटतंच, तर काय होईल बघा. २ किलोवॉटच्या गीझरची कॉईल साधारण २६ ओहम, सुकलेला खड्डा पण तेवढाच धरा. मग २३० मधले निम्मे, म्हणजे ११५ व्होल्ट, अर्थ बारवर आणि तिथून फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझरच्या बॉडीवर. करंट जेमतेम साडेचार अँपियर, एमसीबीला (फक्त जास्त करंटला पडणारा स्विच) पत्तापण लागणार नाही.

रानवारा
आमच्याकडं कित्येक वर्षं जोडलेलंच आहे, कुणाला काही झालं नाही.

टेस्टलॅम्प
म्हणजे न्यूट्रल अजून सुटलं नाही, एवढंच.

जर्सीकर
अमेरिकेचं मी सांगतो, इथेच काम करतो. इथे १२०/२४० ची सर्व्हिस, आणि न्यूट्रल-ग्राउंड जोड फक्त मेन डिस्कनेक्टला (घराच्या मेन स्विचला), पुढच्या सबपॅनलमध्ये दोन्ही वेगळेच ठेवायचे. बॉडीला फेज लागला तर करंट त्या जोडातून न्यूट्रलने ट्रान्सफॉर्मरला जातो आणि ब्रेकर पडतो. जमिनीतल्या रॉडने ते होत नाही, २५ ओहमचा रॉड धरला तर १२० व्होल्टला पाच अँपियरपण जात नाहीत, १५ चा ब्रेकर ढिम्म. रॉड वीज पडणं वगैरेसाठी. व्हिडिओ बघून भारतात करू नका, सगळी रचनाच वेगळी आहे.

टेस्टलॅम्प
बरोबर. आपल्याकडं महावितरण न्यूट्रल अर्थ करते ते ट्रान्सफॉर्मरपाशी, घराचं अर्थिंग आपलं आपण करायचं. खड्डा अगदी चांगला ५ ओहमचा असला तरी फॉल्टला ४६ अँपियरच्या वर जाणार नाही, ३२ चा एमसीबी त्याला लगेच पडत नाही. म्हणून इथे आरसीसीबी हवाच, आणि मुरमात एका खड्ड्यावर भागत नसेल तर अडीच मीटरचा जीआय पाईप टाकून दुसरा करा, पहिल्यापासून निदान तेवढ्याच अंतरावर, आणि दोन्ही जोडा. उन्हाळ्यात पाणी ओतत राहा. वायरमनला म्हणावं अर्थ टेस्टर आण, नुसता बल्ब लावून दाखवू नको.

कोरेगावकर
तुकडा काढला, गीझरवर आता पडत नाही. पण इन्व्हर्टरवरचा पंखा लावला की पडतो, हे काय नवीन?

टेस्टलॅम्प
त्या लाईनचा फेज आरसीसीबीच्या खालून आणि न्यूट्रल वरून घेतलेलं असणार. डीबीत ती न्यूट्रल वायर कुठल्या बारला गेलीय त्याचा फोटो टाका.