खिडकी उघडावी तर डास, लावावी तर उकाडा: तुमच्या घरी काय करता?

पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही दोघं गुहागर तालुक्यात राहायला आलो. समुद्र, वाडी, शांतता सगळं आहे, त्यावर लिहीत नाही. लिहायचंय ते दिवेलागणीनंतरच्या घराबद्दल. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला तरी पहाटे चादर ओढावी लागते. इथे पारा तितका चढत नाही, पण रात्री उतरतही नाही. दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशी दमटच. म्हणून खिडकी उघडायची, आणि उघडली की डास, चिलटं, भुंगे आणि नाव माहीत नसलेली हिरवी मंडळी ट्यूबलाइटखाली हजर. जाळी बसवली तर निम्मा वारा जाळीतच अडतो.

उकाडा आणि किडे हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मला वाटायचं. आता वाटतं की एकाचा उपाय हीच दुसऱ्याची तक्रार असते. तुम्ही दोन्ही कसं सांभाळता? गाव, घर कसलं (कौलारू, स्लॅब, कितवा मजला) आणि नेमकं काय केलं ते लिहा. ‘सवय होते हो’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते सासूबाईंनी सांगून झालंय.

नागपूर, स्वतंत्र घर, वरचा मजला

ताई, तुमच्या उकाड्याला आम्ही उकाडा म्हणत नाही. २०१३च्या मे महिन्यात इथे ४७.९ झालं होतं. नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर फक्त रसवंतीवाला असतो. तरी झोप आमची बरी लागते, कारण हवा कोरडी असते आणि कूलर काम करतो.

होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरवायचा, ताट्या बदलायच्या, टुल्लू पंप चालतो का ते पाहायचं, हा आमच्याकडे घरचा सणच असतो. वाळ्याच्या ताट्या लावल्या तर पहिले काही दिवस घरभर सुगंध. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, एवढंच त्यातलं शास्त्र. म्हणून जूनमध्ये पाऊस आला की तोच कूलर फक्त ओलावा फेकतो.

आता किड्यांचं. कूलरची टाकी म्हणजे डेंग्यूच्या डासाची हक्काची जागा. त्याला गटार लागत नाही, स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणतं. पण नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेघेवर चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. काथ्याने घासायची टाकी. कूलर माळ्यावर चढवताना घासला नाही, तर पुढच्या मार्चमध्ये पाणी भरलं की गेल्या वर्षीची बॅच बाहेर येते.

आणि हा डास दिवसा चावतो. रात्री मच्छरदाणी लावून खूश होणाऱ्यांनी दुपारच्या झोपेचाही विचार करावा. विदर्भात दुपारी कोण झोपत नाही?

डोंबिवली, तळमजला

नागपूरकरांचं वाचून भावाने पाठवलेला कूलर आठवला. मुंबईच्या बाजूला कूलर लावणं म्हणजे घामात आणखी पाणी ओतणं. इथे ३४ तापमानात जीव जातो कारण घाम वाळतच नाही. मानेवर, कमरेच्या शिवणीपाशी घामोळं. मे बरा म्हणावा असा ऑक्टोबर. पंखा छताचा नको, समोर टेबलफॅन आणि दुसरा खिडकीकडे तोंड करून, म्हणजे आतली गरम हवा बाहेर जाते. संध्याकाळी बाहेर थंड झाल्यावर हे करा, दुपारी नाही.

डासांपेक्षा आमचं दुखणं झुरळं. दोन जातींना दोन उपाय लागतात, हे कोणी आधी सांगत नाही. मोठी, तांबडी, पावसाच्या तोंडावर उडणारी झुरळं गटारातून येतात. त्यांच्यासाठी नहाणीच्या मोरीला बारीक जाळी आणि रात्री वर एक वजनदार झाकण. स्वयंपाकघरातली छोटी, पिवळसर झुरळं मात्र घरातच जन्मतात, फ्रिजच्या मोटरमागे, मिक्सरच्या बुडाखाली, उबेला. मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी पोटाशी घेऊन फिरते, त्यामुळे समोर दिसलं ते मारून काही होत नाही. त्यांना जेल. बिजागऱ्यांत, ओट्याच्या कोपऱ्यात मोहरीएवढे ठिपके. आणि जेल लावलेल्या जागी फवारा अजिबात मारायचा नाही. वासाने ती जेलकडे फिरकत नाहीत, पैसे पाण्यात. आमच्याकडे पेस्ट कंट्रोलवाला एका फेरीत दोन्ही करून गेला होता. त्याला हे मी सांगायचं का?

धागाकर्ती

मोरीच्या जाळीचं आजच करते. आमच्याकडे दुसरी जात दिसत नाही, पहिली मात्र भरपूर.

नागपूर

ढेकणांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मुलाच्या हॉस्टेलमधून आलेली गादी, बॅग सगळं मेमध्ये काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवलं, दुपारभर. ढेकूण आणि त्याची अंडी पन्नास अंशांच्या वर तग धरत नाहीत, आणि आमच्या उन्हात बंद गाडी तेवढी सहज तापते. फक्त गादीच्या पोटापर्यंत उष्णता पोचायला वेळ द्यावा लागतो, उलटसुलट करावी लागते. या गावाच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग.

महाडजवळ, कौलारू घर, जांभ्याच्या भिंती

गुहागरकर ताई, तुम्ही डासांचं लिहिलंत, पण कोकणात उन्हाळ्यात सांभाळायचा तो विंचू. आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हेच, पण घरात येतो तेव्हा पाय मोजत कोण बसतं.

लाल विंचू. रात्री उकाड्याने बाहेर पडतो. जांभ्याच्या सांध्यात, कौलांखाली, लाकडांच्या रचलेल्या ढिगात, चपलांत, जमिनीवर टाकलेल्या कपड्यांत. उकडतंय म्हणून माणसं खाली चटई टाकून झोपतात, आणि तिथेच घात होतो. खाटेवर झोपा, खाट भिंतीपासून हातभर लांब ठेवा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. सकाळी चप्पल आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही, हे आमच्या पोरांना चालता येण्याच्या आधी शिकवतात.

दंश झाला तर नुसत्या कळेवर जाऊ नका. घाम सुटणं, हातपाय गार पडणं, उलटी, हे दिसलं की मंत्र, मुळी, कांदा काही न करता दवाखाना. माझ्या आजोबांच्या काळात विंचवाने माणूस जायचा, हे अगदी साधं बोलणं होतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा गंभीर दंशाच्या रुग्णांतले ४० टक्क्यांच्या आसपास दगावायचे. त्यांनी बारकाईने नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही साधी गोळी इथे जीव वाचवते, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे प्रमाण १ टक्क्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता विंचवाच्या विषावरचं, दंशानंतर द्यायचं प्रतिविषही मिळतं. जवळच्या कोणत्या दवाखान्यात ते आहे, हे मार्चमध्येच विचारून ठेवा.

आणखी एक. जांभळ्या प्रकाशाचा यूव्ही टॉर्च मिळतो, नोटा तपासायचा. अंधारात भिंतीवर मारला की विंचू हिरवानिळा चमकतो. झोपायच्या आधी घराभोवती एक चक्कर मारायची. पाहुण्यांची पोरं तर हट्टाने बरोबर येतात.

ठाणे

मला फक्त तांदळातल्या टोक्यांबद्दल. या हवेत टोक्यांची नवी पिढी साधारण महिन्यात तयार होते, त्यामुळे वर्षाचे तांदूळ भरायचा हट्ट मी सोडला. कडधान्यांना एरंडेलाचा हात, रवा-मैदा फ्रीजरमध्ये चार दिवस, मग डब्यात. तांदूळ कडक उन्हात घालू नका, कण्या होतात, सावलीत पसरा. बस.

सिंगापूर, बारावा मजला

इथे उन्हाळा संपत नाही, कारण सुरूच होत नाही. विषुववृत्त शंभर-दीडशे किलोमीटरवर. दिवसा ३१-३२, रात्री पंचविशीच्या आसपास, जानेवारी काय नि जुलै काय. पहिल्या वर्षी मी ‘थंडी कधी पडेल’ म्हणून स्वेटर वरच ठेवला होता. पडते ती ऑफिसात, एसीमुळे, तिथेच तो वापरते.

डासांचं मात्र नागपूरकर म्हणतात तोच नियम इथे कायद्याने पाळावा लागतो. पर्यावरण खात्याचे अधिकारी घरी येतात, टॉर्च घेऊन फुलदाणीत, कुंडीखालच्या ताटलीत, बादलीत बघतात. अळ्या सापडल्या तर घरमालकाला २०० डॉलर दंड. जुन्या सरकारी इमारतींत खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालतात. तो बांबू खोचायच्या नळकांड्यात पावसाचं पाणी साठतं, म्हणून त्यालाही टोपण. परिसरात डेंग्यूचे रुग्ण आढळले की लिफ्टपाशी फलक लागतो, पिवळा म्हणजे दहाच्या आत, लाल म्हणजे दहा किंवा जास्त. २०२० मध्ये ३५ हजारांहून अधिक रुग्ण झाले होते, तेव्हा लाल फलक नजरेला सवयीचा झाला.

गंमत म्हणजे सरकार स्वतःच डास सोडतं. वोल्बाखिया नावाचे जिवाणू असलेले नर. नर चावत नाही, आणि त्याच्याशी जुळलेल्या इथल्या मादीची अंडी उबत नाहीत. आमच्या मजल्यावर सोडले तेव्हा जिन्यात इतके डास की आई भारतातून आलेली, रॅकेट घेऊन उभी. तिला ‘हे आपले आहेत, मारू नकोस’ हे पटवणं म्हणजे दिव्य. शेवटपर्यंत तिने दोन-चार सरकारी डास उडवलेच.

लागोस

आफ्रिकेतला एक प्रकार सांगते, कोणाला जावं लागलं तर उपयोगी पडेल. बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर इथली एक माशी अंडी घालते, टुम्बू माशी. कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरते आणि गळवासारखी गाठ येते. पिळायची नसते. वर व्हॅसलीनचा जाड थर दिला की श्वास कोंडून अळी वर येते, मग डॉक्टरकडून काढून घ्यायची. अंडी मरतात इस्त्रीने. म्हणून या घरात सगळ्याला इस्त्री होते: बाळाचे लंगोट, बनियन, चादरी, आतल्या कपड्यांचं इलॅस्टिकसुद्धा, दोन्ही बाजूंनी, शिवणीवर थांबून. दमट हवेत घाम गाळत आणि वीज गेली तर जनरेटर चालू करून. माहेरी आले की वहिनी विचारते, ‘पायपुसण्याला इस्त्री?’ हो, पायपुसण्यालाही. हात ऐकत नाहीत.

धागाकर्ती

बाप रे. यापुढे हिरव्या मंडळींबद्दल तक्रार नाही.

सावंतवाडी, जुनं घर आणि मागे नवीन स्लॅबचं

माझ्याकडे दोन्ही घरं एकाच परड्यात आहेत, म्हणून तुलना करता येते. जुन्याला उंच कौलं, मधे माळा, पुढे पडवी. दुपारी तापतं, पण सूर्य गेला की तासाभरात कौलं निवतात. नवीन घराचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरा वाजता आमच्या अंगावर सोडतो. वर पांढरा चुना मारल्यावर खूप फरक पडला, पण पाऊस दरवर्षी तो धुऊन नेतो. खरं सांगायचं तर या हवेत सपाट स्लॅबचं घर बांधणं ही हौस आहे, गरज नव्हे. माझा मुलगा हे वाचत असेल तर वाचू दे.

जुन्या घराचा तोटा म्हणजे ते सगळ्यांसाठी उघडं असतं. मिरगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंखवाल्या वाळव्यांचे थवे. ‘दिवे मालवा, दिवे मालवा’ करत आई घरभर धावायची. अजूनही तेच करतो: आतले दिवे बंद, अंगणात एक बल्ब आणि त्याखाली पाण्याची परात. अर्ध्या-पाऊण तासात खेळ संपतो, सकाळी पंखांचा केर. या उडत्या वाळव्या तुमचं दार खात नाहीत. पण त्या बाहेरून न येता तुमच्याच चौकटीतून निघाल्या, तर घरात वारूळ आहे असं समजा आणि भिंतीवर मातीच्या नळ्या शोधा. आमच्या फणसाच्या लाकडाच्या चौकटींना वाळवीने कधी हात लावला नाही. नवीन घरातली प्लायवूडची कपाटं मात्र पोकळ झाली. पुस्तकं गेली ती वेगळीच.

हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, घरात येतात ते आंब्याची फांदी कौलाला टेकली की. औषध नको, फांदी तोडा. मुंग्यांना दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, पण दर दोन दिवसांनी ओता, नाहीतर नागपूरवाले डास.

आणि ताई, तुमच्या जाळीबद्दल. जाळी खिडकीला बसवून वारा अडतो, कारण खिडकी लहान असते. पडवीची पूर्ण बाजू जाळीने बंद करून घ्या आणि आतल्या खिडक्या सताड उघड्या ठेवा. मोठ्या जागेतून थोडा थोडा वारा आला तरी आत पुरेसा पोचतो. आमच्या पडवीला स्टीलची जाळी आहे, खाऱ्या हवेत लोखंडाची टिकत नाही. दाराला स्प्रिंग लावा, कारण पाहुणे दार लोटत नाहीत. बाहेरचा दिवा पिवळा ठेवा आणि दारापासून लांब.

धागाकर्ती

पडवीचं माप घेतलं, चौदा बाय साडेसात फूट. स्टीलची जाळी तुमच्याकडे कुठल्या दराने मिळाली, आणि ती बसवणारा माणूस गुहागरपर्यंत येईल का?