हॉरर चित्र बघून लोकांना भीती नाही, किळस वाटते. काय चुकतंय?

काळीशाई:
दोन वर्षं झाली डिजिटलवर हॉरर चित्रं काढतोय. रक्त, फाटलेले ओठ, बुबुळं नसलेले डोळे, सगळं करून झालं, हात बसलाय असंही लोक म्हणतात. पण प्रतिक्रिया येते ती "ईईई" आणि पुढे स्क्रोल. मला हवंय की चित्र बंद करून झोपायला गेल्यावर माणसाला ते आठवावं. म्हणून मागच्या आठवड्यात नुसती रिकामी खोली काढली, कोपऱ्यात अंधार, बाकी काही नाही, तर मित्र म्हणतो छान आहे, कोणाचं घर? सगळं दाखवलं तरी फसतं आणि काहीच नाही दाखवलं तरी फसतं, मग दाखवायचं किती?

रात्रपाळी:
रिकाम्या खोलीला कोण घाबरणार, खोलीत काहीतरी चुकतंय असं वाटायला हवं. आधी सगळं एकदम खरं काढ, उजेड एकाच खिडकीतून, सगळ्या सावल्या त्याच हिशोबाने. मग एकच गोष्ट बिघडव. मी एकदा दारात उभी बाई काढली होती, शेवटी तिला पुसून टाकलं आणि चौकटीवर फक्त चार बोटं ठेवली, पण इतक्या वर की तिथे माणसाचा हात पोचणारच नाही. लोकांना ती बोटं उशिरा दिसतात, आणि दिसली की नजर हटत नाही. दोन-तीन ठिकाणी बिघडवलंस तर मात्र तुला ड्रॉइंग येत नाही असंच वाटेल.

जपानी चित्रकार होकुसाईचं कोहादा कोहेइजी नावाच्या भुताचं प्रिंट बघ, 1831 च्या आसपासचं. भूत मच्छरदाणीवरून डोकावतंय. कवटी आहेच, पण मला भीती त्या जाळी खाली ओढणाऱ्या बोटांची वाटते, कारण बघताना आपणच जाळीच्या आत झोपलोय असं वाटतं.

गेरूमाती:
थोडं वेगळं मत. रक्ताला दोष देऊ नका. स्पॅनिश चित्रकार गोयाने 1819 ते 1823 च्या दरम्यान स्वतःच्या घराच्या भिंतींवर 14 चित्रं काढली, त्यातला तो पोराला खाणारा सॅटर्न, म्हणजे रोमन देव, रक्ताळलेलाच आहे. पण त्याचे डोळे बघा, खाणाराच घाबरलाय! तुमच्या राक्षसांना काही वाटतं का? ते नुसते कॅमेऱ्याकडे बघून दात दाखवत असतील तर किळसच येणार. आणि त्याच भिंतींवरचा कुत्रा, नुसतं डोकं दिसतंय आणि वर सगळी मातकट पोकळी. बुडतोय की वर काही बघतोय ते कळत नाही, मला ते सॅटर्नपेक्षा जास्त छळतं.

रात्रपाळी:
सॅटर्नचं पटलं. अजून एक राहिलं, अंधार पूर्ण काळा भरू नकोस. सपाट काळ्यात शोधायला काही उरतच नाही, जवळजवळच्या दोन गडद शेड ठेव म्हणजे डोळा आत चाचपडत राहतो. फक्त फोनवर ब्राइटनेस कमी करून तपास, बऱ्याचदा तो फरक तिथे गायबच होतो.

काळीशाई:
कोपरा उघडून बघितला, खरंच एका फटक्यात काळा भरलाय. आणि माझे सगळे राक्षस समोरच बघतायत, एकही दुसरीकडे बघत नाहीये, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. खोली परत घेतो. बोटांऐवजी पलंगावरची चादर एका बाजूने दबलेली काढावी म्हणतोय, वर कोणीच नाही. सावलीचं जमलं की इथे टाकतो.