अनुभव धागा : पारलिंगी बाई आणि तिचा माणूस

रुमण्या
काल देवगिरी एक्सप्रेसमध्ये परभणीला एक जोडपं चढलं. ती पारलिंगी, तो आपल्यासारखाच साधा गडी. तिनं डबा उघडला, ज्वारीची भाकर न् शेंगदाण्याची चटणी. यानं बुक्कीनं कांदा फोडून आधी तिच्यापुढं सारला. समोरच्या काकू पार जालन्यापर्यंत टक लावून. मला आमच्या गल्लीतला दादा आठवला. मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मागच्या खोलीत दोघं राहायचे. घरी सगळ्यांना माहीत, पण विषय निघाला की त्याची आई उठून चहा ठेवायची. तुम्ही पाहिलंय असं कुणी? स्वतःचं असलं तर जरूर लिहा.

गोदाकाठ
मी तोच 'माणूस' समजा. नांदेड. लोकांचा पहिला प्रश्न, मग तू गे का? अरे बाबा, ती बाई, मी गडी, संपलं. दुसरा प्रश्न लेकराचा. भांडता कशावरून, हे कुणीच विचारत नाही. मी टाकी भरायला लावून झोपतो, त्यावरून!

उडाणटप्पू
टाळ्या वाजवून भांडते का 😄

गोदाकाठ
लाटणं वाजवते. ये घरी, ऐकवतो.

बोरीकर
देवगिरी वेळेवर होती का काल?

रुमण्या
कधी असते?

चाफा_बीड
मी स्वतः पारलिंगी. मह्यावर जीव होता त्याचा, पण अंधार पडल्यावरच. फोनात मी 'राजू टायर'. त्याचं लग्न ठरलं तर त्याची बहीणच मला बोलवायला आली, आशीर्वादाला या म्हणून. तिला काही माहीत नव्हतं. गेले. नवरीच्या डोक्यावर हात ठेवला, तो बाजूला उभा राहून बाशिंगाचा दोरा आवळीत होता. साडी-नारळ दिलं. साडी भारी आहे, अजून नेसते. हळहळू नका कुणी, आता बरं चाललंय.

सुगंधा
माय गं. 'राजू टायर' 😭😂

नवखा२२
रीतसर लग्न होतं का पण? मित्रासाठी विचारतोय (खरंच मित्रासाठी)

गोदाकाठ
होतं. 2019 ला मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठानं पारलिंगी स्त्रीला हिंदू विवाह कायद्यात वधू मानलं. ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला नाही म्हटलं, पण पारलिंगी बाईचं पुरुषाशी लग्न आहे त्याच कायद्यात बसतं, हेही त्याच निकालात आहे. आम्ही आधी कलेक्टरकडून तिचं ओळखपत्र काढलं, मग आधार बदललं. मित्राला सांग, कागद आधी, मंडप नंतर. तरी बाबू दोन्ही आधार उलटेपालटे करून बघत बसला होता. फोटोत तीच बरी दिसते माझ्यापेक्षा, हा भाग वेगळा.

सुगंधा
आमच्यात भाच्याची बाई पारलिंगी आहे. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या निवडायला तिला हक्कानं बोलवायचे, हळदीकुंकवाच्या वेळी मात्र 'तू जरा पाणी बघ'. यंदा सासूबाईंनीच करंडा उचलला न् सगळ्यांदेखत तिला लावलं. मोठ्या जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मरो.

चाफा_बीड
सासूबाईंना मही पाया पडणी सांगा.

बोरीकर
सोळात अंबाडी घालता का तुमच्याकडं?

सुगंधा
म्हणजे काय, कण्या लावून. लसूण मात्र नाही, नैवेद्याला चालत नाही.