पॉवर मेटल अल्बम: डबल बास सुरू झाला की खालचा सगळा गाळ. रेकॉर्डिंगचा क्रम कसा लावावा?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. आठ गाणी, साधारण ४५ मिनिटं, पॉवर मेटल (वेगवान, सुरेल हेवी मेटल). शब्द मराठी, दोन गाण्यांचे कोरस अहिराणीत. दोन गिटार, बास, ड्रम, गायक. ऑर्केस्ट्रा लॅपटॉपवरच. खोली १० बाय १२ फूट, वर स्लॅब. आठ इनपुटचा इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारं यंत्र), दोन एसएम५७ आणि एक कंडेन्सर माइक. गाणी १७० ते १९० बीपीएम (मिनिटाला ठोके), गिटार डी स्टँडर्डमध्ये (सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली).

डेमोत तीन गोष्टी खटकतात. डबल बास (दोन पायांनी वाजणारा जलद बास ड्रम) सुरू झाला की खालच्या सुरांतलं काहीच कळत नाही. कोरसला सहा ट्रॅक लावूनही तो शाळेच्या प्रार्थनेसारखा वाटतो. आणि व्हायोलिन सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर तालात बरोबर बसवूनही मागून येतात. ड्रम पुण्याला जाऊन करावेत की प्रोग्रॅम? बाकी सगळं घरीच करायचंय.

डबल_पेडल (भुसावळ)

भाऊ, आधी हिशोब बघा. १८० बीपीएमला सोळाव्या भागाच्या दोन ठोक्यांत ८३ मिलिसेकंद असतात. ५० हर्ट्झच्या एका लाटेला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे दोन किकच्या (बास ड्रमच्या ठोक्यांच्या) मध्ये जेमतेम चार लाटा मावतात. तुमच्या किकची शेपूट २०० मिलिसेकंदांची असेल तर प्रत्येक ठोका पुढच्या दोघांवर चढतो. गाळ तिथून येतो, ईक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायची सोय) फिरवून तो जाणार नाही. शेपूट ७० ते ८० मिलिसेकंदांवर कापा, ३०० ते ४०० हर्ट्झ खणून काढा आणि ३ ते ५ किलोहर्ट्झला टिचकी ठेवा. संथ भागासाठी लांब शेपटीचा वेगळा किक ठेवायला काहीच हरकत नाही.

दुसरं दुखणं तुमच्या खोलीत आहे. १२ फुटांच्या भिंतींत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो, १० फुटांत ५६च्या आसपास. किक आणि बासचं भांडण नेमकं तिथेच चालतं, त्यामुळे त्या खोलीतल्या स्पीकरवर हा निर्णय घेऊच नका. खालचा भाग हेडफोनवर ठरवा. कोपऱ्यांत ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचे चार इंची थर लावलेत तर थोडा उतार पडेल. अंड्यांचे ट्रे काढून टाका, त्यांनी बास हलतसुद्धा नाही.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी टेम्पो मॅप, म्हणजे गाण्याचा कुठला भाग किती वेगाने याचा आराखडा. पूर्ण गाणं एकाच क्लिकवर कोंबू नका. कोरसला २ ते ३ बीपीएम वर आणि मधल्या संथ भागाला खरोखर खाली जाऊ द्या. मॅप पक्का झाला की त्यावर गाइड गिटार, गाइड गाणं आणि ऑर्केस्ट्राचा कच्चा आराखडा. ड्रमरला ट्रम्पेट कुठे येणार हे आधी माहीत असलं तर तो तिथे फिल मारत नाही. मग ड्रम, र्‍हिदम गिटार, बास, मुख्य गायन, कोरस, सोलो. ऑर्केस्ट्राची पक्की मांडणी सर्वांत शेवटी, कारण मोकळी जागा कुठे उरली ते तेव्हाच दिसतं.

ड्रमसाठी पुण्याला जायला हरकत नाही, पण ड्रमरला १९०ला सलग दोन मिनिटं डबल बास दोन्ही पायांनी सारख्या जोराने वाजवता यायला हवा. डावा पाय हळू पडत असेल तर स्टुडिओचं भाडं संपादनात जाईल. मधला मार्ग आहे: इलेक्ट्रॉनिक किटवर वाजवून मिडी (आवाजाऐवजी फक्त ठोक्यांची नोंद) घ्या आणि झांजा तेवढ्या खऱ्या रेकॉर्ड करा. प्रोग्रॅम केलेल्या ड्रमचं पितळ उघडं पडतं ते झांजांत, किकमध्ये नाही. पुण्याला गेलातच तर नवे हेड आदल्या दिवशी चढवा, म्हणजे ताणून बसतात.

सातपुडा_रिफ (नंदुरबार)

गिटारबद्दल. डीआय सिग्नल (अँपशिवाय थेट इंटरफेसमध्ये घेतलेला) नेहमी वेगळा ठेवा, अँपचा आवाज नंतरही बदलता येतो. डी स्टँडर्डला १०-५२चा सेट लावा आणि दर दोन गाण्यांनी तारा बदला. ट्यूनर बघताना तार हळू छेडू नका, रेकॉर्डिंगला जितक्या जोराने मारणार तितक्याच जोराने मारा. जाड तार जोरात मारली की क्षणभर चढते, आणि दोन गिटार वेगवेगळ्या जोराने वाजल्या की सूर फाटतो.

चार थरांचा मोह टाळा. धावत्या रिफला डावीकडे एक आणि उजवीकडे एक, बस. १८५ला चार हात तंतोतंत एकत्र पडत नाहीत, आणि पडले नाहीत की पिकची धार मरते. चार थर कोरसच्या लांब कॉर्डना लावा. गेन रिहर्सलपेक्षा निम्मा. गिटारला ८० ते १०० हर्ट्झखाली कापा, नाहीतर बासला घरच राहत नाही.

जोडसोलोत थर्डवरची (मूळ सुरापासून तिसऱ्या स्वरावरची) दुसरी ओळ प्लगइनने काढू नका. ठरावीक अंतराने सरकवलेली ओळ हार्मोनिक मायनरमध्ये स्केलबाहेर जाते. दुसऱ्या गिटारिस्टने वाजवा आणि दोघांनी व्हायब्रॅटोचा वेग व रुंदी जुळवा.

गिरणेचा_सूर (चाळीसगाव)

कोरसचं कारण उघड आहे: सहाही ट्रॅक एकाच गळ्याचे आणि एकाच अंतरावरून घेतलेले. थर वाढवले की झालं असं नसतं. ब्लाइंड गार्डियन या जर्मन पॉवर मेटल बँडचे कोरस दाट वाटतात कारण त्यात स्वरांच्या वेगवेगळ्या ओळी एकमेकींवर रचलेल्या असतात. तुमच्यासाठी मूळ चाल, वरचा थर्ड आणि खालचा ऑक्टेव्ह पुरे. प्रत्येकी चार टेक, म्हणजे १२ ट्रॅक. चौघांनी आळीपाळीने गायचं, माइकपासून तीन-चार फूट लांब उभं राहून. बेसूर असणाराही चालेल, फक्त त्याला खालच्या ऑक्टेव्हला ठेवा. मूळ चाल मध्यभागी, बाकीच्या ओळी दोन्ही बाजूंना पसरा.

व्यंजनांची शिस्त महत्त्वाची. 'स', 'श', 'त' हे एकानेच पूर्ण उच्चारायचे, बाकीच्यांनी गिळायचे. बारा 'स' थोडे मागेपुढे पडले की फोडणी पडल्यासारखा चरचराट होतो. शब्द लिहितानाच सर्वांत उंच सुरावर 'आ' किंवा 'ओ' येईल असं बघा, तिथे 'ई' किंवा 'ऊ' आला की गळा आवळतो. अहिराणीत सोय आहे, 'शे', 'से' वर ओळ संपवण्यापेक्षा क्रियापद आत घ्या आणि नाव शेवटी ठेवा.

मुख्य गायकाला तारस्थानाची दोन गाणी एका दिवशी देऊ नका. आधी खालचे भाग, मग कोरस, आणि किंकाळ्या सगळ्यात शेवटी.

केळीचं_पान (रावेर)

विजेचं कोणीच बोललं नाही. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि गिटारमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण चढते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर खड्ड्यात पाणी सोडा, पुन्हा मोजा, तरी उतरला नाही तर इलेक्ट्रिशियन बोलवा. अर्थची पिन काढून गुणगुण घालवायचा उद्योग कोणी सांगितला तर ऐकू नका, जिवावर बेतेल. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावा. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर चालू असताना डीआय घेऊ नका.

डीआयला कूलरचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे गिटार दुपारी घ्या. फक्त कूलरचा दमट वारा थेट गिटारवर नको, नेक फुगून अ‍ॅक्शन बदलते. गायनासाठी मात्र कूलर-पंखा बंद, आणि तेही रात्री. लग्नसराईत वरातीचा डीजे दोन गल्ल्या पलीकडून माइकमध्ये शिरतो, म्हणून गायन आषाढी एकादशीनंतर ठेवा. तुमच्याकडे स्लॅब आहे, पावसाचा त्रास नाही.

तापीकाठ (जळगाव)

बठ्ठं ध्यानात आलं. व्हायोलिनचं राहिलं. आणि शेवटी मास्टरिंगला काय पाठवायचं?

डबल_पेडल (भुसावळ)

व्हायोलिनच्या लेगाटो (सूर जोडून वाजवलेल्या) सॅम्पलमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर जाणारी सरक रेकॉर्ड केलेली असते, म्हणून खरा सूर उशिरा लागतो. लायब्ररीप्रमाणे ६० पासून ३०० मिलिसेकंदांपर्यंत. छोट्या स्पिक्काटोला (तुटक, उडत्या सुरांना) बऱ्याचदा ४० ते ६०. दोन्ही एकाच ट्रॅकवर असतील तर कधीच बसणार नाहीत. प्रत्येक पद्धतीला वेगळा ट्रॅक द्या आणि ट्रॅक डिले उणे करून, क्लिक लावून, कानाने जुळवा. १८०च्या रिफखाली लेगाटोच्या धावत्या ओळी लिहूच नका, धावायला स्पिक्काटो आणि लांब सुरांना लेगाटो. गिटार वाजत असताना चेलोला २०० हर्ट्झखाली काप द्या.

गायनाचा डिले टेम्पोशी बांधा: १८०ला पाव नोट ३३३ मिलिसेकंद, डॉटेड आठवा २५०. रिव्हर्बला (घुमाऱ्याला) ५० मिलिसेकंदांचा प्रीडिले, म्हणजे तेवढा उशीर, दिला की शब्द पुढे राहतात.

मास्टरिंगला २४ बिट, मास्टर बसवर लिमिटर नाही, शिखर उणे ३ ते उणे ६ डेसिबल. उणे १४ लफ्सचा (आवाजाच्या सरासरी जोराचं माप) आकडा ऐकून घाबरू नका. स्पॉटिफाय त्या पातळीला आणतं, पण मेटलचे मास्टर उणे ९च्या आसपास असणं सर्रास आहे. तयार मास्टरचा ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) मात्र उणे १ डेसिबलवर रोखा. आणि मिक्स सुरू करताना सगळ्यात दाट गाणं आधी घ्या, ऑर्केस्ट्रा, कोरस, डबल बास सगळं एकत्र असलेलं. तिथे किक ऐकू आली तर बाकी सात गाणी त्याच सेटिंगवर थोड्याफार फरकाने निघतात.